कालनिर्णयावरचे गोल आणि पाळी जाण्याचे दिवस

बकुळफूल
शनिवार, रात्री १०.२०

गेल्या आठवड्यात ओपीडी संपता संपता एक बाई आल्या. वय ४६, लालबागला राहतात, शाळेत शिकवतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) फाइल काढायच्या ऐवजी त्यांनी पिशवीतून सुतळीने बांधलेली दोन कालनिर्णयं काढली, एक चालू वर्षाचं आणि एक गेल्या वर्षाचं. आम्ही दोघी टेबलावर वाकून पानं उलटत बसलो. निळ्या पेनचे गोल, शेजारी दुधाचा हिशोब, गॅस लावल्याची तारीख, मुलाच्या क्लासची फी. गेल्या वर्षी मेपर्यंत गोल २६-२७ दिवसांनी पडलेले. मग एक २१ दिवसांनी, पुढचा ३८ दिवसांनी. ऑगस्टच्या पानावर गोलच नाही. सप्टेंबरमध्ये गोल आणि त्यापुढे नऊ चौकटींवर ओढलेली तिरकी रेघ. नऊ दिवस अंगावरून जात होतं.

मी म्हटलं, "बाई, निदान तुम्हीच करून आणलंय."

कुणीतरी लिहून दिलेल्या हॉर्मोनच्या सात-आठ तपासण्यांचा कागदही त्यांच्याकडे होता, तो मी बाजूला ठेवला. ४५ च्या पुढे पाळी अशी मागेपुढे होत असेल आणि अंगातून वाफा निघत असतील, तर निदानासाठी एफएसएच (अंडाशयाला चालना देणारं हॉर्मोन) तपासायची गरज नसते. या काळात ते आज वर तर पुढच्या महिन्यात खाली असतं, एका दिवसाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर मात्र मी बघते. थायरॉइड बिघडला तरी घाम, धडधड, चिडचिड याच तक्रारी असतात. पाळी चाळिशीच्या आत थांबली तर गोष्ट वेगळी, तिथे हॉर्मोन तपासावेच लागतात आणि उपचारही टाळून चालत नाहीत.

गिरगावात माझं छोटं क्लिनिक आहे. अर्ध्या आयुष्यभर बाळंतपणं केली. आता दिवसातल्या निम्म्या पेशंट चाळिशी-पन्नाशीच्या असतात, आणि बहुतेकींचं पहिलं वाक्य तेच असतं, "डॉक्टर, मला काय होतंय ते मलाच कळत नाहीये." म्हणून हा धागा काढतेय.

सलग १२ महिने पाळी आली नाही की मेनोपॉज झाला असं म्हणतात, म्हणजे तो मागे वळून बघितल्यावरच कळतो. आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी होतो, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. पण खरा त्रास त्याच्या आधीच्या चार-पाच वर्षांत सुरू होतो. तेव्हा पाळी चालू असते, त्यामुळे घरच्यांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही संशय येत नाही.

वाफा का येतात? मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र असतं. एरवी थोडं उष्ण, थोडं थंड ते चालवून घेतं. इस्ट्रोजेन (अंडाशयात तयार होणारं स्त्रीहॉर्मोन) उतरलं की या केंद्राची चालवून घ्यायची पट्टी अगदी अरुंद होते. मग चहाचा एक कप, भाकरी भाजताना तोंडावर आलेली धग, एवढंसुद्धा त्याला जास्त वाटतं आणि ते सगळे दरवाजे एकदम उघडतं. छातीपासून कानापर्यंत लाली, घाम, धडधड आणि पाच मिनिटांनी हुडहुडी. हे मनाचे खेळ नव्हेत. कुणी तसं म्हणालं तर त्यांना हा परिच्छेद वाचायला द्या.

पहिल्या भेटीला मी पाऊण तास ठेवते. गोळी लिहायला पाच मिनिटं पुरतात, बाकीचा वेळ विचारण्यात जातो. रात्री किती वेळा उठता? खोकला-शिंक आली की लघवी होते का? लघवीला वारंवार जळजळ? शब्द आठवत नाहीत, गॅसवर दूध विसरतं, असं होतं का? घरात आई-बहिणीला स्तनाचा कॅन्सर होता? कुणाचं खुब्याचं हाड मोडलं होतं? पायात कधी रक्ताची गुठळी? सासूबाई किंवा यजमान सोबत असले तर तपासायच्या वेळी त्यांना बाहेर बसवते आणि मग विचारते, संबंधाच्या वेळी दुखतं का?

एका बाईंनी या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. मंगळसूत्राची वाटी बोटांत फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "तीन वर्षं झाली. मी मुलीच्या खोलीत झोपते." कोरडेपणाने होणाऱ्या दुखण्यावर साधं मलम मिळतं, हे त्यांना तीन वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

आता माझ्या स्वतःच्या चुकीबद्दल. २००२ च्या जुलैमध्ये मी एमडी करत होते. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह या मोठ्या अभ्यासाचा, पाळी गेलेल्या १६,६०८ स्त्रियांवर हॉर्मोनच्या गोळ्यांचा परिणाम बघणारा भाग तेव्हा अर्ध्यावर थांबवला गेला आणि हॉर्मोनने कॅन्सर होतो हे जगभर झालं. आम्ही शिकाऊ डॉक्टर घाबरलो. पुढची कितीतरी वर्षं मी येणाऱ्या प्रत्येक बाईला कॅल्शियम लिहून दिलं आणि सांगितलं, "वयाचा भाग आहे, सहन करा, जाईल." घामाने रात्रीतून दोनदा गाऊन बदलणाऱ्या बायकांना मी हे सांगितलं. त्यांतल्या काहींचे चेहरे मला अजून आठवतात.

नंतर तो अभ्यास नीट वाचला. भाग घेणाऱ्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या बायकांवरचा निष्कर्ष आम्ही ४७ वर्षांच्या बाईला लावत होतो. स्तनाच्या कॅन्सरचे आकडे असे होते : वर्षभरात १०,००० स्त्रियांमागे गोळी न घेणाऱ्यांत ३०, घेणाऱ्यांत ३८. जोखीम वाढली हे खरं, आणि ती मी प्रत्येकीला सांगते. पण ती १०,००० मागे आठ आहे हेही सांगते. गर्भपिशवी काढलेल्या आणि नुसतं इस्ट्रोजेन घेणाऱ्या गटात तर स्तनाचा कॅन्सर वाढलेला दिसला नाही.

आज माझी पद्धत अशी आहे. बाई साठीच्या आतली, पाळी जाऊन दहा वर्षांच्या आत, वाफांनी झोप आणि काम बिघडलेलं, आणि तिला स्तनाचा किंवा गर्भपिशवीचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात, हृदयविकार, यकृताचा आजार किंवा कारण न कळलेला रक्तस्राव यांपैकी काही नाही, तर हॉर्मोन हा वाफांवरचा सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. शक्यतो मी दंडावर किंवा मांडीवर लावायचं इस्ट्रोजेनचं जेल देते, कारण पोटातून घेतलेल्या गोळीने गुठळ्यांचा धोका वाढतो, तसा त्वचेतून घेतल्यावर वाढलेला दिसत नाही. गर्भपिशवी असेल तर सोबत रात्री प्रोजेस्टेरॉन द्यावंच लागतं, नाहीतर पिशवीचं अस्तर वाढत जातं. ते घेतल्यावर झोपही येते. तीन महिन्यांनी बोलावते, मग दरवर्षी. रक्तदाब, स्तनांची तपासणी, मॅमोग्राफी सांभाळून.

आणि ज्यांना फारसा त्रास नाही, त्यांना मी काहीच देत नाही. तुमचे प्रश्न लिहा, जमेल तशी उत्तरं देते.


लोकलवाली
शनिवार, रात्री ११.०५

डॉक्टर, तुमचा लेख वाचताना अंगावर काटा आला. मी डोंबिवली-सीएसएमटी करते, २२ वर्षं झाली. गेल्या वर्षी घाटकोपरच्या पुढे लेडीज डब्यात अचानक छातीत धडधड, मानेपासून घामाच्या धारा, श्वास पुरेना. मला वाटलं, संपलं. शेजारच्या मुलीने जागा दिली, एकीने पाण्याची बाटली डोक्यावर रिकामी केली, दोघी माझ्यासोबत दादरला उतरल्या. ईसीजी झाला, टू-डी एको झाला, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन घेऊ नका." पण मी टेन्शन घेतलेलंच नव्हतं, मी भाजी निवडत होते!

त्यानंतर मी दारात उभी राहायला लागले, वारा लागावा म्हणून. हे धोक्याचं आहे ते कळतं, पण आत कोंडल्यासारखं होतं. वय ४८. पाळी चार महिन्यांनी एकदा येते. हे तेच का?


बकुळफूल
शनिवार, रात्री ११.३०

लोकलवाली, ईसीजी आणि एको केलात ते अगदी बरोबर केलंत. छातीतली धडधड मेनोपॉजची आहे असं हृदय तपासल्याशिवाय कुणीच म्हणू नये. पाळी गेल्यावर हृदयविकाराचा धोका वाढतो. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि हिमोग्लोबिन झालं नसेल तर करून घ्या. ते ठीक निघालं तर तुमचं वर्णन वाफेचंच आहे.

आणि दारात उभ्या राहू नका, कळकळीने सांगते. पातळ सुती कपडे, बॅगेत ओला नॅपकिन आणि छोटा पंखा, निघण्याआधी कडक चहा टाळणं, एवढ्याने पहिले काही दिवस काढा. पण एवढ्यावर थांबू नका, उपचार घ्या. हॉर्मोनने वाफांची संख्या साधारण तीन चतुर्थांशाने कमी होते. २२ वर्षांच्या नोकरीत तुम्हाला गाडीत बसायची भीती वाटावी, हे "चालायचंच" म्हणून सोडून देण्यासारखं नाही.


जुनी_चाळ
रविवार, सकाळी ८.१५

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. आमच्या आजीने, आईने कुठे जेल लावलं? आजीची पाळी गेली तेव्हा तिला सुटल्यासारखं झालं. बाजूला बसणं संपलं, लोणच्याच्या बरणीला हात लावायची मोकळीक, देवाचं सगळं करता येऊ लागलं. निसर्गाने जे ठरवलंय त्याला आजार का करायचं? उद्या म्हाताऱ्या होण्यावरही औषध द्याल.


बकुळफूल
रविवार, दुपारी २.४०

राग कसला, हा प्रश्न पडायलाच हवा. आजींची सुटका खरी होती. माझ्या आजीलाही मी तसंच आनंदी पाहिलंय.

पण तुमच्या आजी शेवटची दहा-पंधरा वर्षं चालायच्या कशा, ते आठवून बघा. माझी आजी कमरेत वाकलेली होती. समोरच्या माणसाशी बोलताना तिला मान तिरकी करून वर बघावं लागायचं. आम्ही त्याला म्हातारपण म्हणायचो. आज मला माहीत आहे की तिच्या पाठीचे मणके एकेक करून दबले होते. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते, आणि ते दुखत नाही, म्हणून कळतच नाही.

माझ्या क्लिनिकच्या दाराच्या चौकटीला उंचीची पट्टी ठोकलेली आहे. प्रत्येक पेशंटला मी चपला काढून तिथे उभी करते. परवा ६१ वर्षांच्या एक बाई म्हणाल्या, "माझी उंची पाच फूट दोन आहे, पासपोर्टवर आहे." पट्टीवर पाच फूटही भरली नाही. त्या दोनदा उभ्या राहिल्या, टाचा टेकवून, मान ताठ करून. उंची चार सेंटिमीटरहून जास्त घटली असेल तर मणका दबल्याची शंका घ्यायची. एक्स-रेमध्ये दोन मणके दबलेले निघाले. "पाठ दुखते" म्हणून त्या चार वर्षं बाम चोळत होत्या.

या वयाच्या बाईला रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं असं आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) सांगते. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. म्हणजे नाचणीची भाकरी, वाटीभर दही, ग्लासभर दूध किंवा ताक, तिळाची चटणी हे रोज पोटात गेलं पाहिजे, फक्त संक्रांतीला नाही. सोबत ड जीवनसत्त्व आणि वजन पेलणारा व्यायाम. नुसतं चालणं पुरत नाही, जिने चढा, हातात पाण्याच्या बाटल्या घेऊन उठाबशा काढा.

औषध कुणावर लादायचं नाही, एवढ्यावर आपण दोघी एकमत आहोत. पण काय उपलब्ध आहे ते बाईला कळलं पाहिजे, मग ती नको म्हणाली तर तो तिचा निर्णय.


जुनी_चाळ
रविवार, दुपारी ३.१०

आजीची पाठ आठवली. तुम्ही म्हणता तशीच. मी ५५ ची आहे, उद्या उंची मोजते.


मोगरा_दादर
रविवार, रात्री ९.५०

माझ्या आईबद्दल विचारायचंय. वय ५८, पाळी जाऊन सहा वर्षं झाली. परवा तिला डाग दिसला. ती म्हणते उष्णता झाली असेल, सब्जा आणि गुलकंद घेतेय. खूप नाही, दोन दिवस थोडंसंच. गणपतीनंतर दाखवू म्हणते. तोवर थांबलं तर चालेल ना?


बकुळफूल
रविवार, रात्री ९.५८

मोगरा, नाही चालणार. याच आठवड्यात दाखवा.

पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी ते तपासायचंच. बहुतेक वेळा कारण साधं असतं, अस्तर पातळ झालेलं असतं किंवा पॉलिप (अस्तरावर वाढलेला छोटा कोंब) असतो. पण अशा साधारण दहा बायकांमागे एकीला गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघतो, आणि हा कॅन्सर लवकर पकडला तर बरा होतो, कारण तो असं रक्त दाखवून आधीच सांगतो. खालून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी बघतात. चार मिलिमीटर किंवा कमी असेल तर काळजीचं कारण फार कमी. जास्त असेल तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतात.

आईंना घाबरवू नका, पण गणपतीपर्यंत थांबूही नका. खर्चाची अडचण असेल तर कामा, वाडिया, केईएम, सायन, कुठेही स्त्रीरोगाच्या ओपीडीला सकाळी लवकर जा.


मोगरा_दादर
रविवार, रात्री १०.०४

उद्याच नेते. धन्यवाद डॉक्टर.


अर्धा_संसार
सोमवार, रात्री ११.४५

मी पुरुष आहे. इथे लिहावं की नाही यावर दोन दिवस विचार केला. बायको ४९ वर्षांची. आमचं लग्न प्रेमाचं, २४ वर्षांचं. गेल्या वर्षापासून ती रात्री उठून स्वयंपाकघरात लादीवर झोपते, पंख्याखाली, उशीसुद्धा घेत नाही. मी जवळ गेलो की अंग चोरते. काही बोललो तर रडते किंवा भांडते आणि नंतर स्वतःच माफी मागते. मला ती परत हवीय. मी काय केलं तर तिला बरं वाटेल? दुसरं काही चुकत असेल माझं तर तेही सांगा.


बकुळफूल
मंगळवार, सकाळी ७.२०

लिहिलंत हे फार चांगलं केलंत.

ती लादीवर झोपते ते थंडाव्यासाठी. तुमच्यापासून दूर जायचं म्हणून नव्हे. अंग चोरते त्यामागे बहुधा दुखणं आहे. इस्ट्रोजेन उतरल्यावर योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, संबंधाच्या वेळी चिरल्यासारखं होतं, कधी थोडं रक्तही येतं. ज्या गोष्टीने दरवेळी दुखतं तिची भीती बसते, मग साध्या जवळ घेण्याचीही भीती वाटते, कारण "पुढे काय" हे ठाऊक असतं. म्हणून पहिली गोष्ट, पुढे काहीही अपेक्षा न ठेवता तिचा हात धरून बसा आणि तसं तिला शब्दांत सांगा.

यावर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं कमी मात्रेचं क्रीम असतं, पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. रक्तात ते अत्यल्प जातं. लघवीची वारंवार होणारी जळजळही त्याने कमी होते. वाफा-घाम बहुतेकींचे काळाने ओसरतात, ही तक्रार मात्र आपोआप जात नाही, उपचार न केल्यास वाढते.

रडण्याबद्दल. झोप मोडली की कुणाचाही तोल जातो. पण सलग दोन आठवडे कशातच मन लागत नसेल, पूर्वी कधी किंवा बाळंतपणानंतर नैराश्य आलं असेल, किंवा "मी नसते तर बरं" असं काही ती बोलली, तर थेट मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, आणि हे पाळीचं आहे म्हणून थांबू नका.

तिला घेऊन डॉक्टरकडे जा, पण आत ती एकटी जाईल की तुमच्यासोबत, हे तिला ठरवू द्या.


माणदेशी
मंगळवार, दुपारी १.३०

मूळची बीड जिल्ह्यातली, आता मानखुर्दला. माझ्या मावशीची पिशवी ३१ व्या वर्षी काढली. ऊसतोडीला जायची. अंगावरून पांढरं जायचं, कंबर दुखायची. डॉक्टर म्हणाला पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल. पाळी आली की खाडा पडायचा, खाड्याचे पैसे मुकादम कापायचा, म्हणून तिलाही वाटलं एकदाची कटकट जाईल. तिच्या टोळीतल्या आणखी बायकांचंही असंच झालंय. मावशी आता ४३ ची आहे आणि साठीची दिसते. घाम, हाडं दुखणं, डोकं जड. आता काही करता येईल का?


बकुळफूल
मंगळवार, रात्री १०.१५

माणदेशी, तुमचा प्रतिसाद दुपारी वाचला आणि दिवसभर डोक्यात होता. बीडचा हा विषय २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, चौकशी समिती नेमली गेली. पण ज्यांची पिशवी गेली त्या बायकांचं पुढे काय, हा प्रश्न मला अजून छळतो.

मावशींच्या ऑपरेशनचा कागद मिळवायचा प्रयत्न करा. पिशवीसोबत अंडाशय काढले होते का, हे कळणं सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही काढले असतील तर मेनोपॉज ३१ व्या वर्षीच झाला, एका रात्रीत. ठेवले असतील तरी पिशवी काढल्यावर ते लवकर थकतात. कागद नसेल तर सोनोग्राफी आणि या वयात एफएसएच, दोन्ही उपयोगी पडतील.

इतक्या लवकर इस्ट्रोजेन गेलेल्या बाईला, दुसरी काही मनाई नसेल तर, निदान नैसर्गिक मेनोपॉजच्या वयापर्यंत हॉर्मोन देतात. तिच्याबाबत ते जास्तीचं औषध नसतं, शरीरात असायला हवं होतं तेच भरून काढलं जातं. हाडांची डेक्सा तपासणी करून घ्या. ४३ म्हणजे अजून हाडं वाचवता येतात. त्यांना मुंबईला आणता आलं तर मला निरोप टाका, फीचा विचार करू नका.

बाकी सगळ्यांना सांगते. पाळी जायच्या वयात अंगावरून जास्त जातं म्हणून "पिशवी काढून टाकू" असं कुणी पहिल्याच भेटीत म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या. गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची हॉर्मोनची कॉपर-टीसारखी छोटी वस्तू आहे, तिने रक्तस्राव बराच आटोक्यात येतो. ऑपरेशन कधीकधी लागतं, पण ते शेवटी.


सोनटक्का
बुधवार, सकाळी ६.५०

मला स्तनाचा कॅन्सर झाला होता, परळला ऑपरेशन झालं, आता टॅमॉक्सिफेन (कॅन्सर परत येऊ नये म्हणूनची गोळी) चालू आहे. वाफा भयंकर. एका ठिकाणी मला चक्क हॉर्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, मी घेतल्या नाहीत. आमच्यासारख्यांनी काय करायचं?


बकुळफूल
बुधवार, रात्री ९.३०

घेतल्या नाहीत ते योग्यच केलंत. तुमच्यासाठी बिनहॉर्मोनचे उपाय आहेत. नैराश्यावर देतात ते व्हेनलाफॅक्सिन कमी मात्रेत, रात्रीच्या घामासाठी गॅबापेंटिन. त्याच प्रकारचं पॅरोक्सेटिन मात्र टॅमॉक्सिफेनसोबत नको, त्याने टॅमॉक्सिफेनचं काम कमी होतं. यातलं काहीही सुरू करण्याआधी तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. सीबीटी नावाच्या समुपदेशनानेही वाफांचा जाच कमी होतो. "आयुर्वेदिक आहे, नैसर्गिक आहे" म्हणून मिळणाऱ्या पुड्यांपासून लांब राहा, त्यात काय आहे ते बऱ्याचदा डब्यावर लिहिलेलं नसतं.


पाणपोई
गुरुवार, दुपारी १२.२०

वय ४४. तीन महिने पाळी नाही, मळमळ, थकवा, छाती जड. तुमचा लेख वाचून वाटतंय सुरुवात झाली. नाचणी सुरू केलीय.


बकुळफूल
गुरुवार, दुपारी १.०५

पाणपोई, नाचणी चालू ठेवा, पण आज संध्याकाळी केमिस्टकडून प्रेग्नन्सीची पट्टी आणा. मनापासून सांगते. माझ्याकडे याच वयाच्या एक बाई "पाळी गेली" म्हणून आल्या होत्या आणि सोनोग्राफीत साडेचार महिन्यांचं बाळ हात हलवत होतं. पाळी लांबली तरी अधूनमधून बीज सुटतच असतं. पन्नाशीच्या आत शेवटच्या पाळीपासून दोन वर्षं आणि पन्नाशीनंतर एक वर्ष गर्भनिरोधन चालू ठेवायचं.


पाणपोई
गुरुवार, रात्री ८.४०

एकच रेघ आली. हुश्श! मग दाखवायला येऊ ना?


बकुळफूल
गुरुवार, रात्री ९.००

या. आठवड्याने पट्टी पुन्हा एकदा करा, आणि कालनिर्णय घेऊन या.


मोगरा_दादर
तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६.१०

डॉक्टर, आईचं कळवायचं राहिलं होतं. सोमवारीच नेलं. सोनोग्राफीत अस्तर नऊ मिलिमीटर आलं. दुर्बीण घालून बघितलं, पॉलिप होता, तो काढला आणि तुकडा तपासायला दिला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले. त्या आठ दिवसांत आईने घरातले सगळे डबे घासले. परवा रिपोर्ट आला, साधा पॉलिप, कॅन्सर नाही.

रिपोर्ट घेऊन बाहेर आल्यावर तिने मला बाकावर बसवलं आणि विचारलं, "तुझी पाळी नीट येते का गं?" मी ३४ वर्षांची आहे. आईने मला हे आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. मग तिने तिचं सगळं सांगितलं. पाळी जाताना दोन वर्षं रात्र-रात्र झोप नव्हती, बाबा गावी असले की गॅलरीत जाऊन बसायची. मी तेव्हा त्याच घरात होते. मला काहीच माहीत नव्हतं.


बकुळफूल
रविवार, संध्याकाळी ७.४५

मोगरा, किती बरं वाटलं म्हणून सांगू! आईंना माझा नमस्कार सांगा. रिपोर्टच्या दोन झेरॉक्स काढून ठेवा. पुन्हा कधीही डाग दिसला, अगदी पुसट असला तरी, "मागच्या वेळी साधंच निघालं होतं" म्हणून थांबायचं नाही, पुन्हा तपासायचं. आणि आता झोप कशी आहे ते आईंना विचारा. ५८ ला सुद्धा त्यावर करण्यासारखं पुष्कळ आहे.